सुजलेले पाय आणि हवेचा दाब



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा नव्या श्रमसंहिता यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आम्ही 'पाय' हा विषय कळवला, तेव्हा चालकांनी उलटटपाली विचारले, "कोणाचे पाय?" आम्ही कळवले की माणसाचे, संध्याकाळी सुजतात ते. त्यावर त्यांचे काही उत्तर आले नाही, पण पत्रिकेवर विषय छापून आला.

आम्ही डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयात आणि सोबत्यांना घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसलो असताना. परंतु तीस वर्षे यंत्रमागाच्या, कापडदुकानांच्या आणि खानावळींच्या कामगारांत वावरल्यावर एक गोष्ट ध्यानी येते, की पगाराच्या चिठ्ठीत न दिसणारी कपात पायांत दिसते. शिवाय या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती लपवून ठेवण्यापेक्षा चारचौघांत सांगितलेली बरी, म्हणूनही हा विषय घेतला. तिच्याकडे यथावकाश येऊ.

मागावरचा माणूस बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. दोन मागांच्या मधल्या अरुंद गल्लीत तो एकेक पाऊल सरकतो, तुटलेला धागा जोडतो, कांडी बदलतो आणि पुन्हा उभा राहतो. त्याला चालणे म्हणता येणार नाही. साडीच्या दुकानातली मुलगी सकाळी दहापासून रात्री नवापर्यंत उभी, कारण गिऱ्हाइकासमोर बसणे हा मालकाच्या लेखी उद्धटपणा. खानावळीत पोळ्या लाटणारी बाई, चौकातला वाहतूक पोलीस, शाळेतला शिक्षक, न्हावी, इस्त्रीवाला, ही मंडळीही त्याच पंक्तीतली. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. मोज्याचा काठ रुततो. आमच्या एका सभासद बाईंची जोडवी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. त्या म्हणाल्या, नवरा जिवंत असताना जोडवी काढावी लागली याचेच मनाला लागले, दुखण्याचे काही नाही.

ही सूज येते कशी, ते नीट समजून घेतल्याशिवाय यंत्राकडे वळण्यात अर्थ नाही. हृदय रक्त खाली ढकलते हे आपण सर्व जाणतो. ते परत वर कसे येते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत त्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका असतो. एवढा भार घेऊन रक्त वर चढायचे, तर कोणीतरी उपसले पाहिजे. ते काम पोटरी करते. पाऊल टाकले की पोटरीचा स्नायू आवळतो, त्याच्या पोटातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांत जागोजाग झडपा असतात. विहिरीतल्या पंपाच्या तळाशी फूट-व्हॉल्व्ह असतो, आमच्याकडचे शेतकरी ज्याला 'फुटबॉल' म्हणतात, तशीच ही रचना. तो नादुरुस्त झाला की पंप कितीही चालवा, पाणी पुन्हा विहिरीत. इटलीतील पाडुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिले. पण त्या कशासाठी आहेत, हे त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा शोध १६२८ साली प्रसिद्ध केला तेव्हा उमगले. गुरूने दार पाहिले, ते कोणत्या बाजूस उघडते हे शिष्याने ओळखले.

निरोगी माणूस पाचदहा पावले चालला की घोट्याजवळचा तो ९० चा दाब ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे चालणारा माणूस आपले पाय क्षणोक्षणी उपशीत असतो, आणि उभा माणूस ते भरू देत असतो. वर्षानुवर्षे ते असेच भरत राहिले की शिरा ताणतात, झडपांची दारे एकमेकांस टेकेनाशी होतात, आणि मग चालूनही दाब उतरत नाही. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या लोकांवर १२ वर्षे लक्ष ठेवून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाचा बहुतेक वेळ उभ्याने काढणाऱ्यांना फुगलेल्या शिरांसाठी इस्पितळात दाखल होण्याची पाळी इतरांच्या सुमारे पावणेदोन पट आली, असे त्यात दिसले. आम्हांला हे मागावरच्या लोकांनी आधीच सांगितले होते. पण कामगाराच्या सांगण्याला आकडा जोडलेला असला की वाटाघाटीत त्याचे वजन वाढते, हाही अनुभव आहे.

रक्ताखेरीज पायातून परत येण्याची आणखी एक वाट आहे. केशवाहिन्यांतून पाणी आणि थोडी प्रथिने बाहेर पाझरतात. या पाझराचा जो भाग रक्तात थेट परतत नाही, तो लसीकावाहिन्या गोळा करतात. या वाहिन्या फार नाजूक, पाण्यासारख्या पातळ रसाच्या. त्यांना हृदय नाही. त्या स्वतःच हळूहळू आवळत, जांघेतल्या गाठींतून, पोटातून, छातीतून थेट मानेच्या बुंध्याशी येतात आणि तिथल्या मोठ्या शिरेत रस ओततात. दिवसाकाठी दोन ते चार लिटर रस असा परत येतो. ही वाट तुंबली की जी सूज येते ती वेगळी. आरंभी ती मऊ असते. पुढे साचलेल्या प्रथिनांमुळे कातडी जाड व कठीण होते, आणि रात्री पाय उशीवर ठेवूनही सकाळी उतरत नाही. ओळखण्याची एक साधी खूण आहे : अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून पाहावी. ती उचलता येत नसेल, तर लसीकेच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. ही खूण श्टेमर नावाच्या वैद्याने १९७६ साली सांगितली. मात्र चिमटीत कातडी आली म्हणून रोग नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

आता दाबाकडे येऊ. सुजलेल्या पायाला बाहेरून आवळले की बरे वाटते, हे पट्टी बांधणाऱ्या प्रत्येक आजीला ठाऊक होते. त्याला मापाची शिस्त लावली ती एका अभियंत्याने. कॉन्राड जोब्स्ट हे अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरचे गृहस्थ. त्यांच्या पायांच्या शिरा बिघडल्या होत्या आणि जखमा भरत नव्हत्या. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम वाटतो, असे त्यांच्या ध्यानात आले. आपल्यासारखा माणूस 'पाणी गार, म्हणून बरे वाटते' म्हणून सोडून देता. ते अभियंते होते, त्यांनी हिशेब केला. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोल पाण्यात घोट्यावर पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरचा दाब असतो, गुडघ्यावर त्याहून कमी, मांडीवर आणखी कमी. म्हणजे शिरेच्या आत जिथे रक्ताचा भार अधिक, तिथेच बाहेरून पाण्याचा आधारही अधिक. याच धर्तीवर घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे त्यांनी तयार केले, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्याची. असे मोजे आज औषधाच्या दुकानात मिळतात आणि डॉक्टर ते पाऱ्याच्या मिलिमीटरांत लिहून देतात : २० ते ३०, ३० ते ४० असे.

मोजा किंवा पट्टा हा स्थिर दाब झाला. हवेच्या यंत्राचा दाब येतो आणि जातो. यंत्र म्हणजे एक लहानशी पेटी. तिच्यात हवा भरणारी मोटर, घड्याळ आणि दाब ठरवण्याचे बटण. पेटीतून रबरी नळ्या निघतात त्या नायलॉनच्या एका लांब बुटात, पावलापासून मांडीपर्यंत चढवायच्या. बुटात एकावर एक कप्पे असतात. साध्या यंत्रात चार-सहा, भारी यंत्रात आठ-बारा किंवा त्याहून अधिक. रोगी उताणा निजतो, पाय किंचित उंच. यंत्र प्रथम पावलाचा कप्पा फुगवते, तो फुगलेलाच ठेवून घोट्याचा, मग पोटरीचा, मग गुडघ्याचा, मग मांडीचा. सगळे भरले की एकदम हवा सोडते, क्षणभर विश्रांती देते आणि पुन्हा पहिल्यापासून. असे अर्धा तास ते एक तास, दिवसातून एकदा किंवा दोनदा.

यातले मर्म काय ते वसंत ऋतूतच सांगणे सोपे. रायवळ आंबा आपण माचवून चोखतो तेव्हा काय करतो? बोटे तळाशी धरून रस देठाकडे सरकवीत आणतो, आणि खालची पकड न सोडता वरची घेतो. कोणी आंबा मधोमध दाबला तर निम्मा रस तळाकडे पळतो. जुनी एकाच कप्प्याची यंत्रे पाय सगळीकडून सारखाच दाबीत; पाणी वर जाई तसे पावलाकडेही सरके. म्हणून यंत्र घ्यायचेच झाले तर अनेक कप्प्यांचे, खालून वर क्रमाने फुगणारे, आणि तळाशी अधिक व वर कमी दाब देणारे असावे. बाजारात दोन्ही जातींच्या पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात. किंमत काही हजारांपासून लाखापुढे जाते, आणि विकणारा हा फरक आपण होऊन सांगेलच असे नाही.

दाब किती? बहुधा ३० ते ६० मिलिमीटरांच्या दरम्यान, आणि तो रोग्यागणिक डॉक्टरांनी ठरवायचा. लसीकावाहिन्या कातडीलगत असतात आणि नाजूक असतात. त्यांना दांडगाईने पिळून काही साधत नाही. आमच्या लोकांना हे पटवणे अवघड जाते. ज्याने आयुष्यभर जोर लावून काम केले त्याला वाटते, ४० ने गुण येतो तर ९० ने दुप्पट येईल. यंत्राचे बटण म्हणजे स्टोव्हचा पंप नव्हे, असे आम्ही हल्ली सांगतो.

आता आमच्या चुकीची गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमचे एक सोबती, सत्तावीस वर्षे मागावर उभे राहिलेले, दोन्ही पायांच्या सुजेने हैराण झाले होते. त्यांनी एका जाहिरातीत हे यंत्र पाहिले. आम्हीही थोडेबहुत वाचले होते, आणि थोडे वाचलेल्या माणसाला जो उत्साह असतो तो आमच्यात होता. पतपेढीतून त्यांना कर्ज मिळवून दिले. यंत्र घरी आले, पेढे वाटले. रोज रात्री तासभर ते पाय घालून पडत. उठल्यावर पाय हलके लागत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जैसे थे. कारण उघड होते : यंत्रानंतर मोजे घालायचे असतात, हे ना विकणाऱ्याने सांगितले ना आम्हांला ठाऊक होते. पाणी उपसून विहीर कोरडी केली आणि झरा तसाच ठेवला. त्यांनी दाब वाढवला. मग एके दिवशी डावा पाय एकटाच सुजला, पोटरी दुखू लागली, हाताला ऊन लागे. त्यांनी तोच पाय यंत्रात घातला. पाळीवरून परतताना त्यांचा मुलगा कचेरीत आला आणि सहज बोलण्यात म्हणाला, "बाबा आज दोनदा लावून बसलेत, एकाच पायाला." त्या वेळी कचेरीत एक परिचारिका भगिनी दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या. त्या खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, यंत्र आधी बंद करा आणि त्यांना आत्ता दवाखान्यात न्या.

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. कलर डॉप्लरवर ती दिसली. ताजी गुठळी पिळली गेली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. माणूस तासाभरात दगावू शकतो. सोबती बचावले. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. कर्जाचे हप्ते युनियनने भरले. ते आम्हांला एका शब्दाने बोलले नाहीत, यामुळे आम्हांला अधिकच बोलल्यासारखे झाले.

यात एक चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट आहे. हीच यंत्रे मोठ्या इस्पितळांत गुठळी होऊ नये म्हणून वापरतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघाताने निजून असलेल्या रोग्याची पोटरी स्वतः काम करीत नाही, तेव्हा यंत्र तिच्याऐवजी काम करते. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या सुमारे २९०० रोग्यांवर केलेली मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. यंत्र लावलेल्यांत गुठळ्यांचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे गुठळी होण्यापूर्वी जे यंत्र राखणदार, तेच गुठळी झाल्यावर दरोडेखोर. म्हणून एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर यंत्र नाही, मालिश नाही, शेक नाही, आधी डॉक्टर.

आणखीही प्रसंग आहेत, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण सभागृहात पांढऱ्या केसांची मंडळी पुष्कळ आहेत. दोन्ही पाय सुजण्याचे कारण पायांतच असते असे नाही. हृदय थकले असेल, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडले असेल, तरी पाणी पायांत उतरते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिनने, घोटे सुजतात. तिथे यंत्राची नव्हे, डॉक्टरांना गोळीविषयी विचारण्याची गरज असते. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. हृदय थकलेले असताना यंत्र लावले, तर पायातले पाणी झपाट्याने रक्तात शिरते आणि जे हृदय आधीच आपला भार ओढू शकत नाही त्याच्यावर आणखी ओझे पडते. दम लागतो, निजवत नाही. ज्यांना रात्री दोन उश्या घेऊनच झोप येते त्यांनी यंत्राचे नाव काढण्यापूर्वी हृदय तपासून घ्यावे.

दुसरे, रोहिण्या अरुंद झालेल्यांचे. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत पायाला जाणारे रक्तच कमी पडते. अशा पायाला बाहेरून आवळणे म्हणजे अर्धपोटी माणसाचा गळा धरणे. याची परीक्षा सोपी आहे : दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. उत्तर १ च्या आसपास आले तर ठीक, ०.९ च्या खाली आले तर रोहिणीत दोष, ०.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर दाबाचा उपचार वर्ज्य समजावा. मधुमेहींच्या बाबतीत रोहिण्या कठीण झाल्यामुळे हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा तिथे तज्ज्ञच हवा. शिवाय ज्याच्या पायाला संवेदना नाही, त्याला बुटाची घडी रुतून फोड आला तरी कळणार नाही. पायावर लाली, ताप, पू असेल तेव्हाही यंत्र बंद.

एक गोष्ट लाजेमुळे कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. पायातले पाणी वर ढकलले, पण जांघेतली वाट तुंबलेली असली, तर ते पाणी मांडीच्या वरच्या टोकाशी कडे धरून बसते किंवा जननेंद्रियाच्या भागी सूज येते. याची नोंद वैद्यकात झालेली आहे. म्हणून जाणकार लोक यंत्राच्या आधी पोट व जांघेच्या बाजूची वाट हलक्या हाताच्या मालिशीने आणि खोल श्वासांनी मोकळी करतात. ही मालिश म्हणजे तेल लावून रगडणे नव्हे. मोराचे पीस फिरवावे इतका हलका हात. एमिल वोडर नावाच्या डॅनिश गृहस्थांनी तिची पद्धत बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. अशी सूज दिसली तर यंत्र थांबवून त्याच दिवशी सांगावे. सांगण्यात कमीपणा नाही.

मग यंत्राचा उपयोग तरी किती, असे कोणी विचारील. प्रामाणिक उत्तर असे की यंत्र एकटे पुरत नाही. ते पाणी लवकर हलवते, प्रथिने मागे राहतात, आणि ती पाण्याला पुन्हा बोलावतात, असे या विषयातले अनेक जाणकार मानतात. पट्टे, मोजे, व्यायाम, त्वचेची निगा या सर्वांच्या जोडीला यंत्र दिल्याने किती अधिक गुण येतो, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण ज्याला स्वतः पट्टा बांधता येत नाही, चालणे कमी झाले आहे, फिजिओथेरपिस्टकडे रोज जाण्याला ना वेळ ना पैसा, त्याच्यासाठी घरच्या घरी रोज होणारा हा उपचार मोलाचा आहे. नीलांच्या दोषामुळे न भरणाऱ्या घोट्याजवळच्या जखमांतही, जिथे दाबाचा दुसरा काहीच उपचार होत नाही तिथे, यंत्राचा फायदा दिसला आहे. यंत्र सोडल्यावर पाय हलका आहे तोवरच मोजा चढवायचा, आणि दिवसाचा मोजा सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मांडीपर्यंतचा मोजा घालून माग चालवणे म्हणजे काय, हे मोजे लिहून देणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे. आमच्या लोकांनी त्यावर मधला मार्ग काढला : गुडघ्यापर्यंतचा मोजा, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे पाय भिंतीला लावून निजणे, आणि उभ्या जागी दर पंधरा मिनिटांनी टाचा वीस वेळा उचलणे. टाचा उचलणे म्हणजे पोटरीचा फुकटचा पंप. आमच्या डॉक्टरांनी याला हरकत घेतली नाही. फक्त 'जमेल त्याने मांडीपर्यंतचाच घालावा' असे म्हटले.

हत्तीरोगाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्या देशात पुरा होत नाही. यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले बांधव पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूला हा रोग जुना आहे. कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी १८७२ साली माणसाच्या रक्तात याची सूक्ष्म कृमिपिले पाहिली; १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या पोटात त्यांची वाढ दाखवली. हा डास क्युलेक्स जातीचा, गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा. मोठे कृमी लसीकावाहिन्यांत घर करतात आणि वाहिन्या निकामी होतात. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत घरोघर गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. त्या गोळ्या पुढचा प्रसार थांबवतात, म्हणून ज्यांचा पाय चांगला आहे त्यांनीही, आरोग्य-कर्मचारी ज्यांना वगळतात ते सोडून, समोर उभे राहून गिळाव्या. पण जुना सुजलेला पाय त्यांनी पूर्ववत होत नाही. कृमी मेले तरी फुटलेली नाली आपोआप बांधली जात नाही.

या पायाचा खरा शत्रू वारंवार येणारा ताप आहे. बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून जंतू शिरतात, पाय लाल होतो, थंडी वाजते, आणि प्रत्येक झटका सुजेची एक पायरी वाढवून जातो. ब्राझीलमधील रेसिफे येथे गेर्दा... नव्हे, जेरुझा ड्रेयर या डॉक्टर बाईंनी (परकी नावे आमच्या जिभेला अजून वळत नाहीत) रोग्यांना एवढेच शिकवले, की पाय रोज साबणाने धुवा, बेचकी कोरडी करा, भेगेला मलम लावा. झटके कमी झाले. केरळात कासारगोड येथेही धुणे, औषधी तेले, योगासने आणि पट्टे यांची सांगड घालून असे काम झाले आहे. लाखाचे यंत्र घरात असून बेचक्यात चिखल्या असतील, तर आम्ही त्याला आधी बादली, मग आणि साबण घ्यायला सांगतो. झटका चालू असताना यंत्र बंदच.

आता थोडे युनियनचे बोलू द्या. तेवढा आमचा हक्क आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात लिहिले गेले, की ज्यांना उभ्याने काम करावे लागते अशा कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, म्हणजे कामात सवड मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली आहे. आम्ही एका ठिकाणी हे कलम वाचून दाखवले, तेव्हा मालकांचे दिवाणजी म्हणाले, "स्टूल दिले तर ते झोपतील." आम्ही विचारले, "तुमची खुर्ची कशासाठी आहे?" स्टुले आली, पण सहा जणांत एक, आणि तेही तीन पायांवर डुगडुगणारे. दुकानांतल्या मुलींना कारखान्याचा कायदा लागू नव्हता. केरळात कोळिक्कोडच्या दुकानांतल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ साली तिथल्या दुकाने अधिनियमात तो लिहिला गेला. २०२१ साली तामिळनाडूनेही तसे केले. दिवसातून चारदा दहा मिनिटे बसता आले, तर किती पाय यंत्रापर्यंत पोहोचणारच नाहीत, याचा विचार व्यापारी मंडळींनी करावा. त्यांपैकी काही पुढच्या रांगेत बसलेले आहेत. बसलेले आहेत, हे आम्ही मुद्दाम म्हणतो.

आमच्या त्या सोबत्यांचे यंत्र पुढे दोन वर्षे माळ्यावर होते. गुठळीचा उपचार पुरा झाला, पुन्हा डॉप्लर केले, दंड-घोट्याचे गुणोत्तर काढले, हृदय तपासले, आणि मग डॉक्टरांनीच ते परत खाली काढायला सांगितले. दाब ४०, वेळ पाऊण तास, नंतर मोजा. आता घोट्याचा घेर दर रविवारी त्यांची सून शिवणाच्या टेपने मोजते आणि दिनदर्शिकेच्या त्या चौकोनात लिहिते. यंत्र घेण्याची ऐपत नसणारे इतरही आहेत, म्हणून युनियनने गेल्या वर्षी अनेक कप्प्यांचे एक यंत्र घेऊन कचेरीमागच्या खोलीत ठेवले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय ते कोणालाही लावले जात नाही, पदाधिकाऱ्यांनाही नाही. चिठ्ठीवर दाबाचा आकडा लिहिलेला हवा. प्रत्येकाने आतून घालायचा सुती पायमोजा स्वतःचा आणायचा आणि धुऊन आणायचा. ज्याच्या पायावर जखम किंवा लाली असेल त्याला त्या दिवशी परत पाठवतात. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते नऊ. त्या परिचारिका भगिनी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, नव्या माणसाने त्याच दिवशी यावे.